विहिरीत सोडलेला नेचा

बायकोने दापोलीच्या कृषी प्रदर्शनातून नेचा आणला. परतीच्या एसटीत खिडकीची सीट त्याला मिळाली. मी दांडीला लटकून घरापर्यंत आलो.

"थंड, गर्द रानातलं झाड आहे," विकणाऱ्याने बजावलं होतं. "ऊन नको, वारा नको, माती सुकायला नको." एवढ्या अटी माझ्या सासऱ्यांनी लग्नातही घातल्या नव्हत्या.

भर मे महिन्यात ती पंधरा दिवसांसाठी मुलीकडे निघाली. माझ्या जेवणाखाण्याबद्दल चकार शब्द नाही. "अहो, बाकी काय वाटेल ते करा, पण हा जगला पाहिजे," एवढंच बोलली.

तिसऱ्याच दिवशी पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मी ओली फडकी गुंडाळली, कुंडी न्हाणीत ठेवून पाहिली. मग एकदम डोकं चाललं. त्या उकाड्यात गारवा उरला होता तो फक्त आमच्या चार घरांच्या सामाईक विहिरीत! कुंडी टोपलीत बांधली आणि दोराने पाण्याच्या दोन हात वर सोडली.

पाणी न्यायला आलेल्या शेजारच्या काकी कठड्यावरून वाकल्या. "मेल्या, झाडाला पोहायला शिकवतोस काय?"

"नाही काकी, माहेरपणाला पाठवलंय."

आणि नेचा खरंच खुलला! मी दोन्ही वेळा विहिरीत डोकावून त्याची चौकशी करायचो. आवाज घुमून वर यायचा, तेच त्याचं उत्तर समजायचं.

आमच्याकडे पावसाआधी विहीर उपसतात. दिवस मीच ठरवला होता आणि त्याच सकाळी तो विसरून मासळीला गेलो. परतलो तर विहिरीच्या भिंती गुळगुळीत दाढी केल्यासारख्या. आत उतरलेले गृहस्थ कोयता पुसत अभिमानाने म्हणाले, "भाऊ, तुमच्या टोपलीतपण रान माजलं होतं. तेपण साफ केलं."

कुंडीत काळा, केसाळ बुडखा तेवढा शिल्लक होता. भिंतीवरून खरवडलेल्या ढिगात विहिरीचेच नेचे पडले होते. त्यातला एक टवटवीत उचलून मी कुंडीत रोवला, दोनदा फिरवून त्याची चांगली बाजू दाराकडे केली.

बायको आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी कुंडीकडे बघितलं.

"हा विहिरीतला आहे."

"छे! हवापालटाने जरा चेहरा बदललाय."

तिने दोन बोटांनी तो उपटून माझ्या हातात दिला. मग मी सगळं कबूल केलं, विहिरीसकट आणि मासळीसकट. ती ऐकत नव्हती. बुडख्याशेजारची माती नखाने हळूच बाजूला करत होती. तिथे करंजीच्या मुरडीएवढं, लव असलेलं, कोवळ्या पानाचं एक हिरवं वेटोळं वर यायच्या तयारीत बसलं होतं.

"जगलाय," ती म्हणाली आणि कुंडी कडेवर घेऊन आत गेली. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "अहो, माझ्यासाठी चहा टाका. आणि याला माठातलं पाणी आणा."