डेबऱ्या हाताचे कैवारी

डाव्या, म्हणजे आमच्या बोलीत डेबऱ्या हाताचा आमच्या शेजारच्या गुरुजींइतका कैवारी साऱ्या झाडीपट्टीत दुसरा झाला नसेल. असामान्य बुद्धीची मुले डावखुरी असतात, असे त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचले आणि आमच्या सावली गावच्या बाजाराची शांतता संपली. दिसेल त्या पोराकडे ते पेरू फेकत. पोराने तो डाव्या हाताने झेलला, की भर बाजारात आईबापांचे अभिनंदन करीत. डाव्या हाताने घास घेतला म्हणून कुणी पोराला धपाटा घातला, की कुंपणापलीकडून ओरडत, "काऊन मारून राह्यली, बाई? शास्त्रज्ञ आहे तो!" लोहाराकडून त्यांनी डावखुऱ्यांसाठी उलट्या दात्यांचा विळाही करून घेतला. पहिल्याच धानकापणीत त्याने एका भावी शास्त्रज्ञाचे बोट कापले.

हे मी शेजारधर्म म्हणून सोसले. पण चौथीच्या स्कॉलरशिपच्या जादा वर्गात त्यांनी निव्वळ डावखुरे भरले आणि दरवर्षी पहिल्या येणाऱ्या माझ्या मुलीला घरी पाठवले, तेव्हा माझे डोके फिरले. निवडलेल्यांतल्या एकाला तर सातचा पाढा येत नव्हता. पण तो डाव्या हाताने नाक खाजवी, एवढे गुरुजींना पुरे होते.

मी तडक शाळेत गेलो.

"पोरगी मेहनती आहे, भाऊ," ते शांतपणे म्हणाले. "हुशार नाई. मी पेरू फेकून पाह्यला."

"मंग तुमी काऊन उजव्या हातानं लिहिता, गुरुजी? तुमी बी ढच काय?"

गुरुजी उठले. मग खडू डाव्या हातात धरून त्यांनी फळ्यावर स्वतःचे नाव लिहिले. मोठाले, वाकडे, वर वर चढत गेलेले. थेट दुसरीतल्या पोराचे अक्षर.

"दुसरीत बापानं हा हात बांधून ठेवला," ते म्हणाले. "तो पोरगा लय हुशार होता म्हणत. त्याच्या जागी मंग मी राह्यलो."

त्यांनी नाव पुसले. "उद्यापासून पाठवा तिले."

मुलीला स्कॉलरशिप मिळाली. गुरुजी मात्र गावभर सांगत सुटले, "पोरगी मुळात डेबरीच. बापानं हात बांधला असन तिचा!" साऱ्या सावलीत मी कसाई ठरलो. सुरुवातीला चिडून नाकारत असे. पुढे गुरुजी थकले, काठी टेकत येऊन तेच विचारू लागले, तेव्हा मी मान खाली घालून म्हणायचो, "बांधला होता, गुरुजी. चुकलं माझं."

एका तरी बापाने ते त्यांच्यासमोर म्हणायला हवे होते.