माती किती वेळ धरते

समजा, तुम्ही तलावाच्या काठावर बसला आहात. हातात तंगूस आहे, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी. तिचं गळाचं टोक पाण्याच्या तळाशी आहे. मृगळ मासा गाळ चाटत चाटत आमिषाकडे सरकतोय. अशात दोरी तळापासून वीतभर उचलली गेली आणि त्याच्या पोटाला घासली, की संपलं. तो उधळतो आणि बाकीच्यांनाही उधळवतो. म्हणून दोरी तळाला झोपलेली हवी. कशी झोपवाल तिला?

तलासरीच्या डोंगराकडच्या पाड्यातला सुकऱ्या ती दगडांनी झोपवायचा. ओढ्यातले चपटे गोटे दोरीला हातहातभर अंतरावर बांधायचे, गाठ दुहेरी मारायची. धाकटा भाऊ चैत्या ती गाठ त्याच्याकडूनच शिकला होता. २०१५च्या उन्हाळ्यात एक गोटा पाण्यात बुडालेल्या सागाच्या बुंध्यात अडकला.

"तोडू नको दादा, नवी दोरी आहे. सोडवून आणतो," म्हणत चैत्याने बुडी मारली. खाली दोरीचा फेरा त्याच्या पायाला बसला. दोरी तुटली नाही. गाठही सुटली नाही.

चैत्याचं दिवसकार्य झालं आणि सुकऱ्याने सगळे गोटे ओढ्याला परत दिले. गळ कुडाला टांगलेले राहिले. वर्षाने चैत्याची बायको तानी स्वतःच म्हणाली, "भाऊजी, तलावावर जा. घरात मासा यायला हवा. पण दगड नको."

दगड नको, तर माती. दोरीवर मातीचे गोळे दाबायचे, मधे मधे जुन्या स्लिपरचे तुकडे बांधायचे. माती विरघळली की स्लिपर दोरीला वर आणणार. सोडवायला कुणी पाण्यात उतरायला नको. सुकऱ्याला एवढंच हवं होतं.

पण शेतातली माती आमिष स्थिरावायच्या आत विरघळायची. दोरी तरंगायची, मासे पळायचे. मग अंगणात पाण्याने भरलेलं घमेलं आलं. कधी शेण मिसळलेली माती, कधी भाताचं तूस घातलेली. सुकऱ्या शेजारी बसून गोळा किती वेळ टिकतो ते बघत राहायचा.

त्याची बायको बायजी म्हणायची, "घमेल्यात मासा लागला की हाक मारा, मसाला वाटून ठेवते!"

तानी हसायची नाही. तीही घमेल्यापाशी येऊन बसायची.

शेवटी वारुळाच्या मातीत तूस मळून केलेला गोळा टिकला. त्या दिवशी सुकऱ्या तलावावर गेला आणि दुपार कलेपर्यंत दोरी तळाला निजून राहिली. मग हाताला ओढ लागली. मृगळ निघाला, चांगला हातभर. जरा वेळाने शेजारी टाकलेली दुसरी दोरी आपली आपण वर आली, स्लिपरचे तुकडे पाण्यावर डुलू लागले. सुकऱ्याने ती काठावरूनच गुंडाळली.

घरी येऊन त्याने मासा तानीपुढे ठेवला. "मातीने दोरी धरली आणि सोडलीही," तो म्हणाला.

तानीने माशाला हात लावला नाही. "दुपारभर धरली ना?" तिने विचारलं. "तेवढ्यात कुणी पोरं पोहायला उतरली असती, पाय अडकला असता, तर?"

सुकऱ्याने मासा उचलून बायजीकडे दिला.

मासा शिजला, सगळ्यांनी खाल्ला, तानीनेही. सकाळी सुकऱ्या पुन्हा घमेल्यापाशी बसला. २०१९ उजाडलं तरी तो बसतोच आहे. भेटेल त्याला एकच विचारतो: मासा येईपर्यंत धरेल आणि माणसाचा दम संपायच्या आत सोडेल, अशी माती कुठे मिळते?