निरुपयोगी, सबब मुक्त

शाळेत असताना आम्ही चौघे कागदावर क्रिकेट खेळत असू. हे सांगताना आजही लाज वाटते, पण ती खेळाची नव्हे.

भातकापणी झाली की गावोगावच्या मोकळ्या मळ्यांत मोठी माणसं क्रिकेट खेळत, दिवाळीपासून शिमग्यापर्यंत. त्यांतले बरे खेळाडू आम्ही आपापसांत वाटून घेतले होते. एक जण सोडला तर त्या बिचाऱ्यांना याचा पत्ताही नसे. वहीत प्रत्येकाच्या नावाचं एक कोष्टक असे. सापशिडीच्या दोन फाशांची बेरीज किती आली तर धावा, किती आली तर बाद, किती आली तर विकेट, हे त्यात लिहिलेलं. चांगल्या खेळाडूचं कोष्टक उदार, सुमार खेळाडूचं कंजूष. दर रविवारी वकिलांच्या पडवीत फासे टाकून आमचे सामने होत. वकिलांचा मुलगा आमच्यातला एक. पडवी त्याची आणि फासेही त्याचेच.

पाऊस लागला की मळ्यांत लावणी होई, खेळ थांबे, आणि आमचा खरा उद्योग सुरू होई. कुणाचा करार संपला, कुणाला ठेवायचं, कुणाला सोडून दुसरा उचलायचा, यावर महिना महिना डोकी चालत. प्रत्येकाला तेरा माणसं, त्यापेक्षा एकही जास्त नाही. करार एक ते तीन मोसमांचा. ही पद्धत आम्ही माझ्या घराकडच्या खलाशांच्या वाडीतूनच उचलली होती. पावसात गलबतं किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी शाकारलेली असत. नारळी पौर्णिमेच्या आधी तांडेल, म्हणजे गलबताचा प्रमुख, घरोघर फिरे आणि पुढच्या मोसमासाठी हव्या त्या खलाशाच्या हातावर सुपारी ठेवी. सुपारी घेतली की माणूस बांधला गेला. ज्याला मिळाली नाही त्याच्याशी त्याबद्दल कुणी बोलत नसे; त्याचं त्याला समजे. आम्हीही करार लिहून झाला की सुपारीचं एकेक खांड तोंडात टाकत असू.

माझ्या संघातला पहिला माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील वारल्यावर चौथीत शाळा सोडून तो गलबतावर गेला, म्हणून मी हायस्कूलात होतो. इतका वेगवान बॉलर आमच्या भागात दुसरा नव्हता. खलाशी झाल्यापासून मळ्यात उतरायला त्याला वर्षातून दोन-तीनच रविवार मिळत, पण वहीत तो दर आठवड्याला खेळे. मंगळुरी कौलं उतरवून घरी आला की पाय धुवायच्या आधी विचारी, "माका किती विकेटी गावल्यो?" मी वही उघडून एकेक सामना वाचून दाखवी. आई चहा घेऊन उभी राही. तिला वाटे, धाकटा अभ्यास वाचून दाखवतोय.

मी अकरावीत जायच्या वर्षी, वैशाखात, देवबागच्या खाडीच्या मुखाशी नांगर सोडताना दोराच्या वेटोळ्यात त्याचा उजवा हात सापडला. पहिलं आणि मधलं अशी दोन बोटं गेली.

आमच्या खेळात एक नियम होता : कोष्टक माणसासारखंच हवं. माणूस अंगाने सुटला, थकला, तर पावसात त्याचं कोष्टक उतरवायचं. हा नियम मीच आणला होता. आदल्या वर्षी वकिलांच्या मुलाने अंगाने सुटलेल्या आपल्या मामाला जुन्याच कोष्टकावर ठेवायचा घाट घातला, तेव्हा मी तास दीड तास वाद घालून तो हाणून पाडला होता.

श्रावणात याद्या ठरवायला बसलो तेव्हा भावाचा तीन मोसमांचा करार संपलेला होता. माझं तोंड उघडण्याआधीच वकिलांचा मुलगा म्हणाला, "तुज्या दादाचा कोष्टक आसा तसाच रवांदे. आमची काय हरकत नाय." बाकी दोघांनीही माना डोलावल्या.

ते चांगल्या मनाने बोलले होते, हे आज कळतं. तेव्हा मला ती भीक वाटली. त्यांच्या पडवीत बसायचं, त्यांच्या फाशांनी खेळायचं, आणि वर भावासाठी सूटही घ्यायची? मी म्हणालो, नियम सगळ्यांना सारखा. आणि पेनाने भावाच्या नावापुढे लिहिलं : 'हाताच्या दुखापतीमुळे निरुपयोगी, सबब मुक्त.' 'सबब' हा शब्द मामलेदार कचेरीच्या नोटिशीत वाचलेला. तो वापरायला मिळाला याचाही मला आनंद झाला. भावाच्या जागी मी कुडाळच्या पोस्टातला एक कारकून घेतला. तोही बॉलरच, आणि दहाही बोटं शाबूत. पावसातून घरी येताना आपण फार न्यायी वागलो, असं मला वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात तांडेल वाडीत आला. भाऊ सकाळपासून धुतलेला सदरा घालून ओटीवर बसला होता. हात पंच्याखाली. तांडेल शेजारच्या घरी गेला, मग त्याच्या पलीकडच्या. आमच्या दारावरून जाताना त्याने आईला भात लावून झालं का एवढं विचारलं आणि माडांच्या आडून निघून गेला.

भावाने हातावरचा पंचा सारखा केला. मग माझ्याकडे वळून हसला.

"तांडेल मेलो इसारलो वाटता. तू तरी सुपारी दी रे. माजो करार संपलो ना?"

मी पागोळ्यांकडे पाहू लागलो.

"कितक्या वर्साचो नवो केलंस?"

तो उठला आणि फडताळातून वही घेऊन आला. त्याला वाचायला वेळ लागे. एकेका अक्षरावर बोट ठेवून, डाव्या हाताचं, त्याने ती ओळ मोठ्याने वाचली. 'सबब' त्याला कळलं नाही; त्याने ते दोनदा वाचलं. उरलेलं कळलं.

"ह्या तू लिवलंस?"

मी नियम सांगू लागलो. त्याने ऐकून घेतलं.

"तांडेलाचा गलबत बुडात, तेच्या गळ्यात पोरांबाळांचो जीव," तो म्हणाला. "तुजा काय बुडता होता?"

मी भिजतच वकिलांच्या घरी धावलो. याद्यांवर चौघांच्या सह्या झाल्या होत्या, पण वकिलांच्या मुलाने एका शब्दात होकार दिला. नियमाची आठवणही करून दिली नाही. मी कारकून वगळला, दोन मोसमांचा करार लिहिला, त्याच्याच घरची अख्खी सुपारी मागून घेतली आणि घरी येऊन भावापुढे हात केला.

त्याने सुपारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाबू, तुका कॉलेजात धाडूचा ता मी ठरवलंय. तेच्यासाटी माका काय दिवक नको."

सुपारी माझ्या हातातच राहिली, आणि त्यानंतर त्याने विकेटी कधी विचारल्या नाहीत. मी कारकुनाला परत घेतलं, आणि त्या मोसमात माझा संघ पहिला आला. काजूच्या कारखान्यात भाऊ भट्टीवर लागला. तिथे दोन बोटं कमी असली तरी चालत. फोंडाघाटावरून कोल्हापूरला जाणाऱ्या गाडीच्या टपावर माझी ट्रंक त्यानेच चढवली, आणि चार वर्षं माझी फी त्याच भट्टीवरून आली. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. हे मी जिथे जिथे अभिमानाने सांगितलं, तिथे भावाचे उपकारही सांगितले. ती ओळ मात्र कधी सांगितली नाही.

पदवीचा कागद घेऊन घरी आलो तेव्हा शेजारपाजार जमला होता. मी तो आधी भावाच्या हातात दिला. त्याने तो उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला, आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, "हेच्यात माज्याबद्दल काय लिवलेला नाय ना?"

सगळे हसले. आईही हसली. तो गमतीनेच बोलला असं त्यांना वाटलं, आणि मीही त्यांच्यात हसलो.