वाटून टाकलेले साडेचार इंच

किनवटकडच्या एका मुलींच्या वसतिगृहावर मजला चढवायचा होता. त्याआधी जुन्या इमारतीची मापं घ्यायचं काम माझ्याकडे होतं. मधल्या भिंतीला छतापर्यंत मुलींच्या पत्र्याच्या पेट्या रचलेल्या. जाडी बघायची तर पेट्या काढून भिंतीला भोक पाडावं लागणार होतं.

"हलवू का साहेब?" स्वयंपाकाच्या मावशींनी विचारलं. "पोरी हायेत, धा मिन्टात काढतेत."

"राहू द्या मावशी." मला नांदेडची गाडी गाठायची होती. वहीत लिहिलं, भिंत नऊ इंची.

लातूरला नकाशा काढताना खोल्या आणि भिंतींची बेरीज बाहेरच्या मापापेक्षा साडेचार इंच जास्त आली. असा फरक वाटून टाकायची आमच्या धंद्यात सवय असते; या खोलीतून इंच, त्या खोलीतून दीड. मी वाटला. नकाशा जुळला.

काही महिन्यांनी गुत्तेदाराचा फोन आला. "मधल्या भिंतीवर वरची भिंत चढवून राहिलो साहेब. परवा स्लॅब."

"बरं," म्हणालो आणि फोन ठेवला. मग ते वाटून टाकलेले साडेचार इंच आठवले. नऊ इंचीच्या जागी साडेचार इंची भिंत असली तर फरक नेमका तेवढाच येतो, आणि साडेचार इंची भिंत वरच्या मजल्याचा भार पेलत नाही. खरं सांगायचं तर नकाशा काढतानाही ही शंका आली होती. मी ती दाबली.

"थांबवा" म्हणायला परत फोन लावला. लागेना. गाडी काढली. नांदेड मागे पडलं, भोकर गेलं, तरी लागेना. त्या भिंतीच्या दोन्ही अंगांना मुली झोपतात, एवढंच डोक्यात फिरत होतं. रस्त्याकडेला विटांचा ढीग दिसला की पुन्हा फोन लावायचो.

पोचलो तेव्हा वरची भिंत कमरेएवढी आली होती. मुलींनी पेट्या हलवल्या. दहा मिनिटंही लागली नाहीत. ड्रिल जेमतेम बोटभर आत गेलं आणि पलीकडचा उजेड दिसला.

"नकाशात तर नऊ हाय की!" गुत्तेदार म्हणाला.

"नकाशा खोटा आहे. ही भिंत मी मोजलीच नव्हती."

मावशी पुढे आल्या. "म्या इचारलं व्हतं तुमाला," त्या म्हणाल्या. "हिलाच टेकून पोरी अभ्यास करतेत."

वरच्या विटा उतरवायला संध्याकाळ झाली. तोवर एकाही मुलीला आत जाऊ दिलं नाही. वही आणायला म्हणूनसुद्धा नाही. दारात मीच उभा होतो.