मोठेबाबूंचं पाहणं

"मी वाचून नाई राहिलो जी, फक्त पाहून राहिलो," असं म्हणत मोठेबाबू चष्मा कपाळावर सरकवायचे. ते असं म्हणाले, की आपली फाइल त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली आहे, हे आम्ही समजून घ्यायचो.

पवनी रस्त्यावर आमचं ऑफिस. धानाचं बियाणं तयार करून विकणारी कंपनी, मागे गोदाम. मोठेबाबू तिथले हेडक्लार्क. मालकापासून हमालापर्यंत सगळे त्यांना मोठेबाबूच म्हणत.

सगळ्यांच्या फायली क्लाउडवर ठेवायचं ठरलं, तेव्हा नागपूरहून एक तरुण इंजिनियर आला. "ॲडमिन कोण?" त्याने विचारलं. मॅनेजरसाहेबांनी मोठेबाबूंकडे बोट दाखवलं, कारण कपाटांच्या किल्ल्या त्यांच्याकडे असायच्या. इंजिनियर समजावू लागला, की ॲडमिनला कुणाचंही फोल्डर उघडता येतं. हे ऐकून मोठेबाबू चहा सांगायला उठले. ते गेल्यावर तो पुढे म्हणाला, की हे फक्त गरजेपुरतं, म्हणजे कुणी आजारी पडलं किंवा नोकरी सोडून गेलं तर. तेवढं आम्ही ऐकलं. ज्यांनी ऐकायचं, ते टपरीवर होते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर पाटी आली, 'ॲडमिन'. रंगाऱ्याने ड थोडा तिरका काढला होता, पण मोठेबाबू त्या पाटीमागे सरळ बसू लागले.

आमचे स्टोअरकीपर कोंढ्याचे. त्यांनी मुलीच्या लग्नाचा बायोडाटा ऑफिसच्या फोल्डरमध्ये ठेवला होता. मोठेबाबू जेवताना भाजीचा डबा त्यांच्याकडे सरकवत म्हणाले, "पोरीची उंची कायले वाढवली जी? पोरगी का लपून राहते?" स्टोअरकीपरांचा घास हातातच राहिला. संध्याकाळी उंची खरी झाली. त्याच उंचीला पुढे चांगलं स्थळही आलं, आणि त्याचं श्रेय मोठेबाबूंनी कुणाला घेऊ दिलं नाही.

मी तेव्हा गावच्या मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेसाठी, नाटक लिहीत होतो. ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या फोल्डरमध्ये. एके दिवशी मोठेबाबू पाणी प्यायला माझ्या टेबलापाशी थांबले. "दुसऱ्या अंकात सुनेले मारू नका जी. बाया उठून जातीन."

"तुम्ही वाचलं?"

"पाह्यलं."

मी दोन दिवस फुगून होतो. मग सून जगवली. मंडईच्या रात्री एकही बाई उठली नाही.

तुमच्याही ऑफिसात असं नाक खुपसणारं कुणीतरी असेल. त्याच्यावर चिडावं, पण तो रजेवर गेला की चुकल्यासारखं वाटावं, असं. आम्ही चिडत होतो. पासवर्ड बदलत होतो. ॲडमिनला पासवर्ड लागत नाही, हे कळायला आम्हाला वेळ लागला.

मग तो अर्ज गेला.

गोदामात बियाणं निवडायला गावातल्या बाया यायच्या. त्यांच्यासाठी संडास नव्हता, नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पलीकडे जावं लागे. कुणीतरी मुंबईच्या मुख्य ऑफिसला टाइप केलेला, बिनसहीचा अर्ज पाठवला. वरून विचारणा आली. मॅनेजरसाहेबांनी संडासाचं काय करायचं हे न विचारता, अर्ज कुणी लिहिला हे विचारलं.

"सगळ्यांचे फोल्डर बघा," ते मोठेबाबूंना म्हणाले. "ज्याच्याकडे अर्ज सापडेल, तो घरी."

"लेखी द्या जी," मोठेबाबू म्हणाले.

लेखी मिळालं. 'सर्व कर्मचाऱ्यांचे फोल्डर तपासावेत.' मग मोठेबाबू पाटीमागे बसून तपासू लागले. त्या दिवसांत ऑफिसात कुणी जोरात खोकलंही नाही. बियाण्याची उगवण तपासणाऱ्या सिहोऱ्याच्या ताई तर जेवायलाही कुणासोबत बसेनात.

अहवाल द्यायला ते आत गेले, तेव्हा मी सह्यांचे कागद घेऊन तिथेच उभा होतो.

"सापडला?" साहेबांनी विचारलं.

"नाई सापडला जी. सगळ्यांचं पाह्यलं. तुमचंही पाह्यलं."

"माझं कशाला?"

"आदेशात सर्व कर्मचारी लिवलं हाय. तुम्हीबी कर्मचारीच ना जी." मोठेबाबूंनी चष्मा कपाळावर नेला. "रायपूरच्या कंपनीसाठी तुम्ही अर्ज केला, तो चांगला जमला हाय. अनुभवाचे वर्सं तेवढे जरा जास्त वाटून राहिले."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदांकडे पाहिलं. चौकशी तिथेच संपली.

संडास झाला. साहेबांनीच फीत कापली आणि फोटो मुंबईला पाठवला. त्याच आठवड्यात ॲडमिनचं काम नागपूरच्या एका एजन्सीला द्यायचा निर्णय झाला.

शेवटच्या दिवशी मोठेबाबू प्रत्येकाच्या टेबलापाशी गेले. "उद्यापासून दुसरं कोणी पाहीन. घरचं काही असन तर काढून घ्या." ताईंच्या टेबलापाशी ते जरा जास्त थांबले. "बाई, तो अर्ज तिथं ठेवू नका." ताईंनी मान खाली घातली. अर्ज त्यांचा होता, आणि मोठेबाबूंना पहिल्या दिवसापासून माहीत होता. हे ताईंनीच आम्हाला सांगितलं, साहेब रायपूरला गेल्यानंतर.

पाटी निघाली. मोठेबाबूंना मग ऑफिसात फारसं काही बोलायला उरलं नाही. काही महिन्यांनी ते निवृत्त झाले, हार घालून घेतला, एसटीने गेले.

नंतर एजन्सीकडून मला मेल आली. निवृत्त कर्मचाऱ्याचं खातं बंद करत आहोत, त्यांच्या फायली तुमच्याकडे सोपवल्या आहेत. मी दार लोटून घेतलं आणि त्यांचं फोल्डर उघडलं. खोटं कशाला बोलू, वाचायलाच उघडलं.

आत काहीच नव्हतं. पुसलेलंही काही नव्हतं, कधी काही ठेवलेलंच नव्हतं.

मी स्टोअरकीपरांना विचारलं, मोठेबाबूंच्या घरी कोण कोण आहे? ते म्हणाले, बायको अंथरुणाला खिळलेली आहे म्हणतात. ताई म्हणाल्या, त्यांनी लग्नच केलं नाही ना? हमालाला वाटत होतं, दोन मुलं आहेत, सुरतेला. ते लाखांदूरच्या एसटीत चढायचे, एवढंच सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. उतरायचे कुठे, ते कुणालाच नाही.