चेन्नईले नेलेला कूलर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी नागपूरहून चेन्नईले कूलर घेऊन गेलो होतो! हो, आपला लोखंडी, खसच्या, म्हणजे वाळ्याच्या ताट्यांचा. मीनलच्या आईनं शिवलेल्या जाड कव्हरात बांधून, रेल्वेनं!

मीनल म्हणजे माझी चेन्नईले दिलेली पोरगी. मे महिन्यात तिले आठवा महिना लागलेला. फोनवर रडवेली होऊन म्हणे, "बाबा, एसीत झोपच नाही लागत जी. आपल्या कूलरसमोरची झोप आठवते."

तिची आई आज असती तर चार गोड शब्द बोलून मोकळी झाली असती. मी तिकीट काढलं! देश एक, सूर्य एक, मग उन्हाळा वेगळा कसा असेल गा?

दारात कूलर पाहून जावईबापू हळूच म्हणाले, "बाबा, इथली हवा दमट आहे. इथं कूलर..."

"थांबा जी! नागपूरचे उन्हाळे काढले आम्ही. चेन्नई काय चीज आहे?"

दुपारी एसी बंद केला. कूलर खिडकीत चढवला, टाकी भरली, बटण दाबलं. खसचा वास सुटला अन् मीनलचा चेहरा असा खुलला! परीक्षा संपली की मायलेकी भर दुपारी याच वासात झोपायच्या. मी टाकीत पाणी भरत राहायचो. खूप आठवतात हो ते दिवस.

दहा मिनिटांत चादर ओलसर झाली. वीस मिनिटांत ताटातले भाजलेले पापड पोळीसारखे मऊ!

"बाबा, हे काय होऊन राहिलं?"

"पाणी कमी पडलं असेल वं!" अन् मी आणखी एक बादली ओतली.

आता मात्र पोरगी घामानं चिंब, पोटावर हात ठेवून हाशहुश करायले लागली. जावईबापूंनी एसी लावला. मी मान खाली घालून ताट्या सोडवल्या.

"एक ताटी मले द्या जी," मीनल म्हणाली. उशाशी खुर्चीवर टेकवून ठेवली, अन् एसीच्या गारव्यात पाच मिनिटांत घोरायले लागली. एवढं लोखंड वाहून नेलं, अन् पोरीले पाहिजे होता नुसता वास!

अन् मी? एसीची सवय कुठं आपल्याले? हुडहुडी भरली. पांघरूण कोणत्या तोंडानं मागू? शेवटी चेन्नईत, भर मे महिन्यात, कूलरचं कव्हर अंगावर ओढून झोपलो.