ऑडिटची स्टुलं

"काऊन जी?"

एप्रनला हात पुसत ताई हे दोन शब्द विचारायच्या. त्या यवतमाळकडच्या. तिकडे 'का हो'ला असं म्हणतात. आता आपण पुण्यात 'का?' विचारतो ते समोरच्याला खजील करायला, उत्तराची कोणाला पडलेली असते! ताईंना मात्र खरोखर उत्तर हवं असायचं आणि ते मिळेपर्यंत त्या समोरून हलायच्या नाहीत. भयंकर प्रकार होता.

कात्रजच्या पुढे लोणच्याचा एक कारखाना आहे. मी तिथे स्टोअर सांभाळतो, कोथरूडहून रोज स्कूटरने जातो. ताई पॅकिंगला होत्या. सरकत्या पट्ट्यावरून बरण्या यायच्या. बारा बायका झाकणं दाबायच्या, लेबल पुसायच्या, खोकी भरायच्या. आठ तास, उभ्यानं.

एकदा ताईंचं बोट कापलं. त्या प्रथमोपचाराची पेटी मागायला माझ्याकडे आल्या.

"कुलूप आहे. मॅनेजरसाहेबांना विचारावं लागेल," मी म्हणालो.

"काऊन जी?"

रक्त ठिबकत होतं आणि बाई उत्तराची वाट बघत उभ्या होत्या. शेवटी मी पेटी उघडली. आत चिमूटभर कापूस आणि औषधाची रिकामी बाटली. "बाप्पा! इतक्यासाठी कुलूप?" असं म्हणून त्या हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझ्या स्टोअरमध्ये बारा स्टुलं होती, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. ती ऑडिटची. परदेशी गिऱ्हाइकाचा माणूस वर्षातून एकदा पाहणीला यायचा. त्या सकाळी मी स्टुलं काढायची, बायकांनी बसायचं, त्याची गाडी फाटकाबाहेर पडली की स्टुलं परत आत. घेतानाही कोणी मापं काढली नव्हती, कारण कोणाला बसू द्यायचंच नव्हतं. पहिल्या ऑडिटला बायका बसल्या आणि पट्टा त्यांच्या हनुवटीला लागला! हात खांद्यापर्यंत उचलून बिचाऱ्या झाकणं दाबत होत्या. पाहुण्यानं मान डोलावली, समाधानी होऊन गेला.

यंदा ऑडिटच्या आधी पंधरा दिवस त्या बारा जणींतली वैशाली पट्ट्यापाशी चक्कर येऊन पडली. सातवा महिना लागला होता तिला. पाय इतके सुजलेले, की चप्पल चढत नव्हती. ताईंनी तिच्यासाठी स्टूल मागितलं. मॅनेजर म्हणाले, "उभं राहता येत नसेल तर तिनं घरी बसावं." वैशालीच्या नवऱ्याचं काम सुटलेलं. तिला घरी बसणं परवडणारं नव्हतं.

ताई स्टोअरमध्ये आल्या, स्टुलाची उंची वितीनं मोजली आणि जाऊन पट्ट्याचीही मोजली.

ऑडिटच्या दिवशी बघतो तर प्रत्येक स्टुलाखाली एकेक पालथा क्रेट. उंची अगदी बरोब्बर! बारा जणी ताठ बसलेल्या, हात सपासप चाललेले. पाहुण्यानं फोटो काढले. मॅनेजर स्वतःचं कौतुक झाल्यासारखे लाजले.

दुपारी गाडी गेली. मॅनेजरनी मला खूण केली. मी ढकलगाडी घेऊन ताईंपाशी गेलो.

"ताई, उठा. स्टुलं आत न्यायचीत."

"काऊन जी?"

"साहेबांनी सांगितलंय."

"मग न्या ना. मी बसली आहे याच्यावर, माझ्यासकट न्या."

एकही बाई उठली नाही. मॅनेजर धावत आले, ओरडले, संप केलात तर बघा म्हणाले. ताई झाकणं दाबता दाबता म्हणाल्या, "संप कुठं जी? काम चालू आहे. फक्त उठत नाही."

आणि खरंच, पट्टा नेहमीपेक्षा जोरात चालला होता.

मॅनेजरना वाटलं, पाळी बदलताना तरी उठतीलच. अहो, ताईंनी तेही हिशेबात धरलं होतं. दुसऱ्या पाळीची बाई मागे येऊन उभी राहायची. पहिली अर्धी सरकायची, दुसरी अर्धी टेकायची, मग पहिली उठायची. स्टूल क्षणभरही रिकामं नाही. जेवायलाही एकेकच जायची, तेव्हा शेजारीण दोन स्टुलांवर पसरून बसायची. हसू दाबून दाबून माझं पोट दुखायला लागलं.

मी काय केलं? फार काही नाही. साडेपाचला स्टोअरला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि नोकरीत पहिल्यांदा वेळेवर घरी गेलो. रात्री शेवटची पाळी सुटल्यावर स्टुलं आत टाकायला किल्ली हवी म्हणून मॅनेजरचा फोन आला, तो उचलला नाही. सकाळी पोचलो तोवर पहिली पाळी बसलेली होती.

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मॅनेजर म्हणाले, "राहू द्या तात्पुरती." वैशाली तोंडाला पदर लावून रडली. ताईंनी तिचे पाय एका क्रेटवर ठेवले आणि म्हणाल्या, "रडतं काऊन? झाकणं दाब."

बायका कारखान्याच्या नव्हत्या, ठेकेदाराच्या होत्या; महिन्याभरानं त्यानं ताईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. फक्त त्यांनाच. त्यांनी त्यालाही आपला प्रश्न विचारला म्हणे. तो फोन कानाला लावून निघून गेला.

एप्रन आणि टोपी जमा करायला त्या स्टोअरमध्ये आल्या. मला खूप बोलायचं होतं. 'ताई, चुकलं हो आमचं' एवढं तरी. पण मी टोपीचीच घडी करत बसलो. त्याच म्हणाल्या, "भाऊ, ते क्रेट हलतात. पोरगी पडन एखादी. पक्कं करून घ्या." निघताना खुरडत चालल्या होत्या. तेव्हा मला दिसलं, दोन्ही पोटऱ्यांना पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. वर्षानुवर्षं असणार, आणि स्टूल मागितलं ते वैशालीसाठी.

त्या आठवड्यात मी वेल्डर बोलावून बाराही स्टुलांचे पाय वाढवून घेतले. मॅनेजरना विचारलं नाही. त्यांनीही मला विचारलं नाही.

ताई कुठे आहेत, माहीत नाही. फोन लागत नाही. बाळंतपणानंतर वैशाली परत आली, ती ताईंच्या जागेवर बसते. स्टुलं आता कोणी नेत नाही, तरी पाळी बदलताना बायका अजून तशाच अर्ध्या सरकतात, दुसरी टेकल्याशिवाय पहिली उठत नाही.

परवा एक नवीन मुलगी आली. हा प्रकार बघून ती थेट माझ्याकडे आली. "काका, ह्या अशा का उठतात?"

विचारून तिथेच उभी राहिली, उत्तराची वाट बघत.

"सांगतो," मी म्हणालो. "आधी तू बस."